मुतखड्याचे मर्म जाणणारे डॉ. वोलास्टन

विल्यम हाइड वोलास्टन यांचा जन्म ६ ऑगस्ट १७६६ रोजी इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. केंब्रिजला वैद्यकाची पदवी संपादन करून त्यांनी वैद्यकी आरंभिली. स्वीडनचे शेले यांना १७७६ साली मुतखड्यात यूरिक आम्ल आढळले, तेव्हा सर्व खडे त्याचेच असावेत असा समज झाला. वोलास्टन यांनी १७९७ मध्ये पृथक्करण करून ऑक्झलेट, फॉस्फेट असे निरनिराळे प्रकार दाखवून दिले. गाऊटच्या गाठींत यूरिक आम्लाचाच क्षार असतो, हेही त्यांनी सिद्ध केले.

रुग्णांची चिंता मनास सोसवेना, म्हणून १८०० साली त्यांनी वैद्यकी सोडली. प्लॅटिनमच्या व्यापारात विपुल धन मिळाले, तरी मुतखड्याचा ध्यास सुटला नाही. १८१० मध्ये त्यांना एक दुर्मिळ खडा सापडला. त्यातील द्रव्य आज सिस्टीन नावाने ओळखले जाते. हा विकार आनुवंशिक असल्याचे पुढे उमगले.

अखेरच्या आजारात त्यांनी प्लॅटिनमशुद्धीची आजवर गुप्त राखलेली कृती जगापुढे ठेवली आणि संशोधनासाठी मोठी देणगी दिली. २२ डिसेंबर १८२८ रोजी त्यांचे देहावसान झाले. खड्याचा प्रकार पाहून पथ्य व औषध ठरविण्याची आजची रीत त्यांच्याच पायावर उभी आहे.