जड कणांच्या मागावर : होमी भाभा यांचे विस्मृतीत गेलेले संशोधन

डॉ. होमी जहांगीर भाभा हे नाव उच्चारले की तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र आणि आशियातील पहिली अणुभट्टी 'अप्सरा' डोळ्यांसमोर उभी राहते. अणुशक्ती आयोगाच्या अध्यक्षाआड दडलेला तरुण सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ मात्र मुंबईकरांनाही फारसा ठाऊक नसतो. न्यूट्रिनोविषयी आज जगभर चाललेल्या एका कठीण शोधाचे धागे त्या तरुणाच्या कामापर्यंत जाऊन पोहोचतात.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील संपन्न पारशी कुटुंबात भाभा यांचा जन्म झाला. वडील बॅरिस्टर होते, तर आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. मुलाने केंब्रिजला यंत्र अभियांत्रिकी शिकावी आणि परतून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, हे घरच्यांनी जणू ठरवूनच टाकले होते. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले खरे. पण डिरॅक यांच्यासारखे संशोधक जेथे नवे भौतिकशास्त्र घडवीत होते, तेथे त्यांचे मन यंत्रांत रमेना. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळविल्यास गणितासाठी पुढे थांबता येईल, अशी तडजोड वडिलांशी झाली. १९३० मध्ये भाभांनी ती अट पुरी केली आणि पोलादाचा कारखाना कायमचा मागे पडला.

इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या विकिरणाचे त्यांनी मांडलेले गणित आजही 'भाभा विकिरण' याच नावाने ओळखले जाते. १९३७ मध्ये हायटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती दिली. याहूनही धाडसी होते ते १९३८ चे काम.

अणुगर्भातील बल एका जड कणामार्फत वाहिले जाते, अशी कल्पना जपानच्या युकावा यांनी १९३५ मध्ये मांडली होती. हा कण सदिश प्रकारचा, म्हणजे एक एकक स्पिन असलेला असावा, असे मानून भाभांनी त्याचे गणित उभारले. बीटा ऱ्हासही याच कणाकरवी घडतो, अशी त्यामागील धारणा होती. न्यूट्रॉन आधी जड कण सोडतो आणि तो कण फुटून इलेक्ट्रॉन व न्यूट्रिनो बाहेर पडतात. असा कण वेगाने धावत असेल, तर सापेक्षतेच्या नियमानुसार त्याचे आयुष्य आपल्याला लांबलेले दिसेल, हेही त्यांनी सांगून ठेवले. आणि ते पुढे प्रयोगांनी खरे ठरले. या कणाला 'मेसोट्रॉन' म्हणू लागलेल्यांना, मूळ ग्रीक शब्दात 'ट्र' नाही, तेव्हा 'मेसॉन' म्हणा, अशी दुरुस्तीही या मुंबईकराने सुचविली. ती जगाने स्वीकारली.

निसर्गाने मात्र वेगळाच कौल दिला. विश्वकिरणांत सापडलेला कण युकावांचा नव्हताच, आणि १९४७ मध्ये जो खरा सापडला त्या पायॉनचा स्पिन शून्य निघाला. भाभांचा सदिश कण अणुगर्भीय बलाच्या मूळ कथेतून बाद झाला. तथापि बीटा ऱ्हासामागे सदिश कणच असावा, ही कल्पना टिकून राहिली. १९८३ मध्ये सर्न प्रयोगशाळेत डब्ल्यू बोसॉन गवसला, तो प्रोटॉनच्या सुमारे ८५ पट जड. हा दिवस पाहायला भाभा नव्हते.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी भारतात आले असता युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचे काम सुरू केले. मार्च १९४४ मध्ये टाटा न्यासाला लिहिलेल्या पत्रातून टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मली आणि १९४५ अखेर ती पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली. संस्था वाढली तसा संस्थापकाचा स्वतःचा गणिताचा कागद मागे पडत गेला. देशाचा त्यात लाभ झाला हे निर्विवाद. भौतिकशास्त्राने काय गमावले, याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही.

त्यांच्याच संस्थेतील मेनन, श्रीकांतन व नरसिंहन यांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसमवेत कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर उपकरणे मांडली. १९६५ मध्ये तेथे वातावरणातील न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या. जगातील पहिल्या अशा नोंदींपैकी ही एक.

न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे काय, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. तसे असल्यास एकाच अणुगर्भातील दोन न्यूट्रॉन दोन डब्ल्यू बोसॉन सोडतील आणि केवळ दोन इलेक्ट्रॉन बाहेर येतील. न्यूट्रिनो आतल्या आतच संपेल. काही सिद्धांत यात डब्ल्यूहूनही जड अशा अज्ञात सदिश बोसॉनांचा हात असू शकेल, असे मानतात. हा ऱ्हास आजवर निर्विवादपणे कोठेही दिसलेला नाही. कथिलाच्या १२४ वस्तुमानांकाच्या समस्थानिकात तो शोधण्याच्या दृष्टीने भाभांच्याच कुलाब्यातील संस्थेत अतिशीत उपकरणांवर काम झाले आहे.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीसाठी निघालेले भाभा एअर इंडियाच्या 'कांचनजंगा' विमानासह माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. सर्व ११७ जण मृत्यू पावले. भाभा अवघे ५६ वर्षांचे होते. २०१२ मध्ये तेथील बोसाँ हिमनदीने त्या विमानातील भारतीय टपालाची एक पिशवी परत केली. हिमनदीच्या नावाचा बोसॉनशी अर्थातच काही संबंध नाही.