लेमन की लाइम, ताजं की उकळलेलं? उत्तर जेम्स लिंडला सापडलं होतं, तरी खलाशी मरत राहिले

जिन अँड टॉनिक मागवलं की ग्लासात लिंबाची फोड येतेच. ती कुठली असावी यावरून बारटेंडर लोकांत कायम वाद असतो. पिवळं, जाड सालीचं लेमन घ्यायचं की हिरवं लाइम? फोड पिळून आत टाकायची, की सालीची पातळ पट्टी मुरडून तिचं तेल वरून शिंपडायचं? एका गोष्टीवर मात्र बहुतेकांचं जमतं. फळ ताजं हवं आणि ऐनवेळी कापलेलं हवं.

इथं चूक झाली तर फार तर ड्रिंकची चव जाते. पण 18 व्या शतकात हेच दोन प्रश्न, फळ कोणतं आणि ते तयार कसं करायचं, माणसांच्या जिवावर बेतले होते.

जेम्स लिंडचा जन्म 1716 चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचा. तिथंच एका सर्जनच्या हाताखाली काम शिकला आणि 1739 ला ब्रिटिश नौदलात सर्जनचा मदतनीस म्हणून भरती झाला.

त्या काळात खलाशांना शत्रूच्या तोफांपेक्षा स्कर्व्हीची भीती जास्त. हिरड्या सुजून काळ्या पडायच्या, दात हलायचे, जुन्या भरलेल्या जखमा परत उघडायच्या आणि माणूस जायचा. 1740 ला जगप्रदक्षिणेला निघालेल्या कमोडोर अ‍ॅन्सनच्या ताफ्यातली हजाराहून जास्त माणसं मेली. त्यातली बरीचशी स्कर्व्हीनंच.

1747 मध्ये लिंड एचएमएस सॅलिसबरी या जहाजावर सर्जन होता. 20 मे रोजी त्यानं स्कर्व्हीचे 12 रुग्ण निवडले. सगळ्यांची अवस्था साधारण सारखी, राहायची जागा एक, जेवण एक. मग त्यानं दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची सायडर, दुसरीला पाण्यात मिसळलेलं सौम्य गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला चक्क समुद्राचं पाणी. पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लेमन. सहावीला लसूण, मोहरी वगैरे कुटून केलेली गोळी.

संत्री-लेमन सहा दिवसांतच संपली. पण तेवढ्यात त्या जोडीतला एक गडी कामावर जाण्याइतका सुधारला आणि दुसऱ्याला बाकीच्या आजाऱ्यांची सेवा करायला लावलं. सायडरवाल्यांना थोडा फरक पडला, इतरांना जवळपास नाहीच. वैद्यकशास्त्रातल्या पहिल्या नियंत्रित चाचण्यांमध्ये आज हा प्रयोग मोजला जातो.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्नच मिटला. तर नाही.

लिंडनं 1748 मध्ये नौदल सोडलं, डॉक्टरेट घेतली आणि 1753 साली स्कर्व्हीवर जाडजूड ग्रंथ काढला. त्यात या प्रयोगाला मिळाली मोजकी पानं. व्हिटॅमिन ही कल्पनाच तेव्हा नव्हती. स्कर्व्हीमागं दमट हवा, बंद झालेला घाम अशीही कारणं आहेत, असं तो मानत राहिला.

त्यापेक्षा मोठा घोळ झाला फळ तयार करण्यात. जहाजावर महिनोन् महिने ताजी फळं टिकणार कशी? लिंडनं तोडगा काढला. रस तासन् तास तापवून आटवायचा, पाकासारखा घट्ट झाला की बाटलीत भरायचा. याला ‘रॉब’ म्हणायचे. दिसायला सोयीचं प्रकरण, पण तापवण्यात आणि साठवण्यात ज्या गुणानं माणूस बरा होत होता तोच बराचसा उडून जायचा. रॉब पिणारे बरे होईनात आणि बदनाम झालं फळ.

1758 पासून लिंड गॉसपोर्टजवळच्या हॅस्लर इथल्या नौदल रुग्णालयाचा मुख्य डॉक्टर होता. तिथं त्यानं तापाच्या रुग्णांना सिंकोनाची साल दिली. टॉनिक वॉटरला कडवटपणा देणारं क्विनाइन याच सालीतलं. समुद्राच्या पाण्याची वाफ धरून गोडं पाणी मिळवण्याचा उपायही त्यानं सुचवला. 1783 ला तो निवृत्त झाला आणि 1794 मध्ये गॉसपोर्टलाच वारला.

पुढच्याच वर्षी, 1795 ला, गिल्बर्ट ब्लेन या डॉक्टरच्या पाठपुराव्यामुळं नौदलानं लेमनचा रस द्यायचं ठरवलं. तो न उकळता, थोडी दारू घालून टिकवला जायचा. काही वर्षांत नौदलातली स्कर्व्ही जवळपास आटोक्यात आली.

मग फळच बदललं. 1860 च्या दशकात भूमध्य समुद्राकडच्या लेमनऐवजी ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज वसाहतींतलं लाइम आलं. हे लाइम म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं. 1867 साली लॉकलन रोझ यानं दारूऐवजी साखरेत लाइमचा रस टिकवण्याचं पेटंट घेतलं. गिमलेट करताना जिनमध्ये पडते ती हीच रोझची बाटली. लेमन काय अन् लाइम काय, दोन्ही आंबटच, असा सगळा हिशोब होता.

1875 मध्ये नौदलाची मोहीम उत्तर ध्रुवाकडं निघाली, सोबत लाइमचा रस होता. तरी खलाशांना स्कर्व्ही झाली. खुद्द डॉक्टर मंडळी लिंबूवर्गीय फळांवर शंका घेऊ लागली. अखेर 1918 साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनिपिगांवर दोन्ही रस तपासले. लाइमच्या रसाची ताकद लेमनच्या जेमतेम पाव भरली. लिंडला जाऊन तेव्हा 124 वर्षं झाली होती.