विश्लेषण : फाइल ‘सेव्ह’ झाली म्हणजे लिहिली गेली का? डेनिस रिची आणि ‘कॅशे’ची गोष्ट

पेनड्राइव्हवर फोटो कॉपी केले, पट्टी पूर्ण भरली, लगेच पेनड्राइव्ह काढला. दुसरीकडे लावल्यावर शेवटचे काही फोटो उघडतच नाहीत. विशेषतः लिनक्सवर हा अनुभव अनेकांना येतो. पेनड्राइव्ह खराब असेलच असे नाही. संगणकाने फाइल लिहिण्याचे काम थोड्या वेळासाठी पुढे ढकललेले असू शकते. ही पद्धत ज्या युनिक्स प्रणालीमुळे जगभर रुजली, तिचे एक शिल्पकार म्हणजे डेनिस रिची. त्यांचा प्रवास आणि या ‘कॅशे’चा अर्थ काय?

कोण होते डेनिस रिची?

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. वडील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत होते. रिची यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे तिथेच उपयोजित गणितात पीएचडीसाठी प्रबंध लिहिला. १९६८मध्ये प्रबंध तयार होता, मात्र ग्रंथालयात बांधीव प्रत जमा करण्याची शेवटची पायरी राहून गेली. त्यामुळे पीएचडी त्यांना कधीच मिळाली नाही. १९६७मध्येच ते बेल लॅब्जमध्ये रुजू झाले होते.

युनिक्सची सुरुवात कशी झाली?

बेल लॅब्ज तेव्हा ‘मल्टिक्स’ या महत्त्वाकांक्षी प्रकल्पात सहभागी होती. १९६९मध्ये संस्थेने त्यातून अंग काढून घेतले. केन थॉम्पसन, रिची आणि रड कॅनडे यांनी मग फळ्यावर आकृत्या काढत नव्या फाइल व्यवस्थेचा आराखडा केला. ‘पीडीपी-७’ या वापरात नसलेल्या छोट्या यंत्रावर थॉम्पसन यांनी ती प्रत्यक्षात आणली. त्यानंतर ‘पीडीपी-११’ आला. त्याची मेमरी होती अवघी २४ किलोबाइट आणि डिस्क ५१२ किलोबाइटची. आज फोनवरचा एक साधा फोटोही त्या डिस्कवर मावणार नाही. तरीही संस्थेच्या पेटंट विभागाचे टंकलेखनाचे काम १९७१मध्ये याच यंत्रावर सुरू झाले.

कॅशेची गरज का पडली?

मेमरी वेगवान, पण महाग आणि थोडी. डिस्क स्वस्त, पण संथ. तबकडी फिरून नेमकी जागा येईपर्यंत प्रोसेसरला ताटकळावे लागे. यावर युनिक्समधला उपाय म्हणजे मेमरीचा एक भाग ‘बफर’ म्हणून राखून ठेवणे. डिस्कवरचा ५१२ बाइटचा एक तुकडा वाचला की तो बफरमध्ये राहतो. पुन्हा मागितला तर डिस्ककडे जावेच लागत नाही. एखादा प्रोग्राम फाइल ओळीने वाचत असेल, तर पुढचा तुकडा मागण्याआधीच आणून ठेवला जातो. जागा संपली की बराच काळ न वापरलेला तुकडा आधी बाहेर जातो.

लिहितानाही हेच. बदल आधी बफरमध्ये होतो, तो तुकडा ‘नंतर लिहायचा’ यादीत जातो आणि प्रोग्रामला काम झाल्याचे कळवले जाते. एकाच तुकड्यात दहा वेळा बदल झाला, तरी डिस्कवर एकदाच लिहिता येते. रिची आणि थॉम्पसन यांनी १९७४च्या गाजलेल्या शोधनिबंधात ही पद्धत मांडली.

मग धोका कुठे?

काम झाल्याचे कळवणे आणि डिस्कवर प्रत्यक्ष लिहिणे यांच्यामधल्या वेळात. तेवढ्यात वीज गेली, तर बफरमधले सगळे जाते. शिवाय लिहिताना चूक झाली, तर प्रोग्राम तोवर पुढे निघून गेलेला असतो, कधी बंदही झालेला असतो. म्हणूनच युनिक्समध्ये ‘सिंक’ हा आदेश आला : साठलेले सगळे डिस्ककडे पाठवा. ठरावीक वेळाने हा आदेश आपोआप देण्याची सोयही झाली. पुढे एकाच फाइलपुरता ‘एफसिंक’ आला. वेग मिळवताना थोडी जोखीम पत्करायची, हा सौदा त्यांनी उघडपणे केला.

हे आपल्या फोनपर्यंत कसे पोहोचले?

रिची यांनी ‘सी’ ही भाषा घडवली. १९७३मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये नव्याने लिहिला गेला आणि ती एका यंत्राला बांधलेली राहिली नाही. १९७८मध्ये ब्रायन कर्निगन यांच्यासह लिहिलेले सीचे पुस्तक जगभरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या हाती गेले. लिनक्समध्ये युनिक्सची सांकेतिक ओळ नाही, विचार मात्र तोच. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच.

म्हणून फोनची रॅम भरलेली दिसली तर घाबरू नये. तिचा बराच भाग फायलींच्या कॅशेने व्यापलेला असतो आणि गरज पडताच तो मोकळा होतो. सेटिंगमधले ‘कॅशे साफ करा’ ही वेगळी गोष्ट आहे. ते ॲपने स्टोरेजवर ठेवलेल्या फायली पुसते. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड काढताना मात्र आधी ‘इजेक्ट’ करावेच. त्या एका टॅपमागे ‘सिंक’च असतो.

रिची यांची अखेर कशी झाली?

१९८३मध्ये रिची आणि थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, २०११मध्ये जपान पुरस्कार. रिची २००७मध्ये निवृत्त झाले होते आणि न्यूजर्सीत एकटेच राहत. १२ ऑक्टोबर २०११ रोजी ते घरी मृतावस्थेत आढळले. वय ७० होते. आठवडाभरापूर्वीच स्टीव्ह जॉब्स यांचे निधन झाले होते आणि जग त्या शोकात होते. जॉब्स यांच्या मॅक आणि आयफोनचा पायाही युनिक्सच्याच परंपरेतला, पण रिची यांच्या जाण्याची बातमी मोजक्यांपर्यंतच पोहोचली.

त्यांचा तो प्रबंध २०२०मध्ये अमेरिकेतील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सर्वांसाठी खुला केला. लिहून झाल्यावर ५२ वर्षांनी त्याची जाहीर नोंद झाली.