वणव्याचा हिशेब मांडणारा माणूस

फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळच्या दिवा-रोहा गाडीने घरी जात असाल, तर हमरापूर गेल्यावर मोबाईलमधून मान वर करा. पेणच्या मागचे डोंगर काळोखात बुडालेले असतात आणि एखाद्या डोंगराच्या अंगावर केशरी रेघ हळूहळू वर सरकत असते. लांबून झकास दिसते, फोटोही भारी येतो. तो वणवा असतो. आता एप्रिल-मेमध्ये याच डोंगरांच्या पायथ्याला या. तिथे शेताच्या कोपऱ्यात शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत आणि त्यावर माती असे थर रचून कुणीतरी आग लावत असतं. हा राब. भाताची रोपं याच भाजलेल्या जमिनीत वाढतात. आजीला विचारा, ती तुम्हाला थरांचा क्रमसुद्धा सांगेल.

दोन्ही आगी माणसानेच लावलेल्या. मग एक गुन्हा आणि दुसरी शेती, हे ठरलं कधी? याचं उत्तर शोधत मागे गेलात तर एका जर्मन माणसाशी येऊन थांबाल. डीट्रिश ब्रँडिस. बॉटनीवाल्यांनी हे नाव झाडांच्या लॅटिन नावांच्या शेपटीला पाहिलं असेल. बाकीच्यांसाठी ही ओळख.

ब्रँडिसचा जन्म १८२४ चा, जर्मनीतल्या बॉन शहरातला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीसच्या राजाकडे त्यांची नेमणूक झाली म्हणून पोराचं थोडं बालपण अथेन्समध्ये गेलं. पुढे तो बॉनमध्येच वनस्पतिशास्त्र शिकवू लागला. तसाच राहिला असता तर आपल्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण त्याने लग्न केलं ते बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनरी मार्शमन यांच्या मुलीशी, आणि तिची बहीण होती हेन्री हॅवलॉक या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याची बायको. या नात्यातून ब्रँडिसचं नाव लॉर्ड डलहौसीपर्यंत पोचलं. ओळखीने नोकरी लागणं तेव्हाही होतंच! १८५६ मध्ये ब्रँडिस ब्रह्मदेशात पेगूच्या सागाच्या जंगलांचा प्रमुख झाला.

तिथलं त्याचं पहिलं काम वाचून मला हा माणूस आवडला. जंगलात साग किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. लाकूडव्यापारी तोडत सुटले होते. ब्रँडिस हत्तीवर बसून जंगल पालथं घालू लागला. डाव्या हातात बांबूच्या कामट्या, उजव्या हातात चाकू. झाडाच्या घेरानुसार वर्ग पाडलेले आणि प्रत्येक वर्गाची कामटी वेगळी. साग दिसला की त्या त्या कामटीवर एक खाच. पावसात कागद टिकत नाही, कामटी टिकते. या खाचांवरून त्याने दरवर्षी किती झाडं तोडली तर जंगल संपणार नाही, याचं गणित बसवलं.

त्या जंगलात डोंगरउतारावर कॅरेन लोक राहत. रान तोडायचं, वाळलं की जाळायचं, राखेत भात पेरायचा, दोन-एक वर्षांनी पुढे सरकायचं, अशी त्यांची शेती. आपल्याकडे कातकरी आणि ठाकूर लोक करत त्या दळीची ही चुलत बहीणच म्हणा. साहेबी डोळ्यांना हे म्हणजे जंगलाची नासाडी. ब्रँडिसने मात्र कॅरेन लोकांना हाकललं नाही. जाळलेल्या रानात भातासोबत सागही लावा, असा सौदा त्याने त्यांच्याशी केला. माणसं पुढे सरकली की मागे सागाचं रान उरायचं. या पद्धतीला टाँग्या म्हणतात. म्हणजे वनखात्याच्या या आद्यपुरुषाने सुरुवातीला आगीशी दोस्तीच केली होती.

मग वैर कुठून आलं? रेल्वेतून, असं मला वाटतं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली आणि देशभर रूळ पडायला लागले. एका मैलाला पावणेदोन ते दोन हजार स्लीपर लागायचे, आणि ते लाकडाचे. जंगल आता सरकारला कोठारासारखं दिसू लागलं आणि कोठारात आग चालत नाही. १८६४ मध्ये ब्रँडिस हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याच सुमारास मध्य प्रांतात, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात, पिअरसन नावाच्या अधिकाऱ्याने एक प्रयोग हाती घेतला: एवढं जंगल जळूच द्यायचं नाही. हे अशक्य आहे असं अनुभवी अधिकाऱ्यांनाही वाटत होतं, कारण दर उन्हाळ्यात सगळं रान जळणार हे गृहीतच होतं. पिअरसनने जंगलाभोवती पट्टे साफ केले, त्यांतलं गवत आधीच जाळून टाकलं आणि उन्हाळाभर पहारे बसवले. बोरी वाचलं. ब्रँडिसने ही पद्धत उचलून धरली आणि ती देशभर गेली. आज आपल्याकडे वनरक्षक उन्हाळ्याआधी ज्या जाळरेषा काढतात, त्यांचं मूळ हेच. आग अडवायला आग लावायची, ही युक्ती तेवढी टिकली.

१८७८ मध्ये वनकायदा आला. जंगलावर फक्त सरकारचा हक्क, असं म्हणणारा एक गट तेव्हा जोरात होता. ब्रँडिसला सरकारी जंगलांसोबत गावांचीही जंगलं हवी होती. कायद्यात ग्रामवनाचं प्रकरण आलं, पण ते बहुतेक कागदावरच राहिलं. राखीव जंगलात आग लावणं मात्र पक्का गुन्हा झाला. पुढे १९२७ चा कायदा आला, तो आजही लागू आहे. त्यात तर मुद्दाम वणवा लावल्याचं दिसलं तर त्या जंगलातली चराई सरकार काही काळ बंद करू शकतं. काडी एकाने लावायची आणि गुरं सगळ्या गावाची उपाशी!

आपल्या भागात याचे चटके लगेच बसले. मुंबई इलाख्याचं वनखातं बरंचसं स्वतंत्र चालायचं, पण कायदा तोच. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत (म्हणजे आपण पेण-रोहेकरही आलो) राबासाठी टहाळ तोडण्यावर बंधनं आली आणि इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. ब्रँडिस तेव्हा निवृत्त होऊन गेला होता. लोकांचा राग मात्र मुरत राहिला. २५ सप्टेंबर १९३० ला इथून जवळच, उरण तालुक्यातल्या चिरनेरला, जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. नाग्या कातकरी हे नाव तुम्ही शाळेत ऐकलंच असेल.

ब्रँडिस बॉनला परतला तरी स्वस्थ बसला नाही. जगभरातले तरुण त्याच्याकडे सल्ल्याला यायचे. १८८९ मध्ये एक अमेरिकन पोरगा आला, गिफर्ड पिंशो. हाच पुढे अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. १९१० च्या ऑगस्टमध्ये तिकडे दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली, बहुतेक आग विझवणारीच. त्यानंतर प्रत्येक आग विझवायचीच, हा तिथला धर्म झाला. अनेक दशकांनी कळलं की छोट्या आगी दाबल्या की पाला, काटक्या, झुडपं साठत जातात आणि मग पेटलं तर आवरत नाही. गंमत म्हणजे हीच शंका ब्रह्मदेशात स्लेड नावाच्या वनाधिकाऱ्याने १८९६ मध्येच काढली होती. आग बंद झाली तिथे सागाची नवी रोपं येईनात, दुसरीच झाडं त्यांना झाकून टाकत होती. म्हातारा ब्रँडिस तेव्हा हयात होता. भारतातल्या झाडांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १९०६ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी, मे १९०७ मध्ये, तो बॉनमध्ये वारला. नंतर काही वर्षांतच ब्रह्मदेशातल्या बऱ्याच सागाच्या जंगलांतून आगबंदी उठली.

म्हणून आपले वणवे बरे, असं काढू नका हं. आपल्या डोंगरांवरची आग निसर्गाने क्वचितच लागते. शिकारीसाठी, गवत चांगलं फुटेल म्हणून, नाहीतर विडीच्या थोटकाने ती लागते आणि दरवर्षी त्याच उतारावर लागते. ऐन-किंजळीची कोवळी रोपं, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सगळं जातं. जूनच्या पहिल्या सरीत राखेसोबत माती ओढ्यात येते.

दळीचा प्रश्नही मिटलेला नाही. या जमिनी कातकरी-ठाकूर कुटुंबं पिढ्यान् पिढ्या कसत आली, पण मालकी कधी मिळाली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर त्यांचे दावे सुरू झाले. आणि आता वर उपग्रह आहेत. डोंगरावर आग दिसली की वनखात्याच्या फोनवर मेसेज येतो. मेसेजमध्ये असतो एक ठिपका, ठिकाण आणि वेळ. आग दळीतल्या नाचणीसाठी भाजलेल्या रानाची की वणव्याची, हे त्या ठिपक्यावरून कळत नाही. ते बघायला वनरक्षकाला हिरवी फांदी मोडून डोंगर चढावाच लागतो.