१२९ ढालकिडे आले आणि कॅलिफोर्नियाची संत्री वाचली!

ट्रायकोकार्ड बघितलंय का कधी? ऊस, कपाशीच्या पानाखाली लावतात ते. त्यातून निघालेली चिमुकली माशी किडीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. पण अंडी फुटून अळ्या बाहेर पडल्या की कार्ड लावून उपयोग नाही. सगळा खेळ वेळेचा.

किडीवर तिचाच शत्रू सोडायचा, हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं चार्ल्स व्हॅलेंटाईन रायली यांनी.

जन्म १८४३, लंडन. सतराव्या वर्षी अमेरिकेत येऊन शेतावर राबले. १८६८ मध्ये मिसुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ झाले, पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याचे मुख्य कीटकशास्त्रज्ञ. १८८३ मध्ये त्यांनी कोबीवरच्या अळीसाठी इंग्लंडहून परोपजीवी माशी मागवली. ती कोवळ्या अळीच्या पोटात अंडी घालते.

खरी परीक्षा पुढे होती. कॅलिफोर्नियात कापसासारख्या पांढऱ्या खवले किडीने संत्र्याच्या बागा संपत आल्या होत्या. फवारण्या झाल्या, लोकांनी झाडं तोडून जाळली. कीड ऑस्ट्रेलियातून आलीय, म्हणजे तिचा शत्रूही तिथेच असणार, हे रायलींनी ओळखलं.

पण खात्याच्या कीटकशास्त्रज्ञांना परदेश प्रवासाला संसदेची बंदी! मग शक्कल लढवली. १८८८ च्या मेलबर्न प्रदर्शनासाठी मंजूर झालेल्या पैशातून अल्बर्ट कोबेले यांना पाठवलं.

ऑक्टोबर, म्हणजे तिकडचा वसंत. ॲडलेडमध्ये कोबेलेंना लाल-काळा ढालकिडा ती कीड खाताना दिसला. गंमत म्हणजे रायलींचा जास्त भरवसा किडीच्या अंगात अंडी घालणाऱ्या एका माशीवर होता. बाजी मारली ढालकिड्याने.

पहिल्या तीन खेपांत मिळून १२९ ढालकिडे पोहोचले. लॉस एंजेलिसच्या एका बागेत संत्र्याच्या झाडावर तंबू ठोकून त्यांना आत सोडलं. एप्रिल १८८९ मध्ये तंबू उघडला. जूनपर्यंत १०,५५५ ढालकिडे २०८ बागायतदारांकडे गेले होते. किडीची एक पिढी होईतो ढालकिड्याच्या निदान दोन व्हायच्या, त्यामुळे किडीला सावरायला वेळच मिळाला नाही.

बागायतदारांनी कोबेलेंना सोन्याचं घड्याळ दिलं, त्यांच्या पत्नीला हिऱ्याची कर्णफुलं. श्रेय कुणाचं यावरून रायली मात्र नाराज राहिले. (आम्हाला विचाराल तर दोघांचंही!)

१८९४ मध्ये रायलींनी नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबरला, वॉशिंग्टनमध्ये सायकलवरून पडून त्यांचा मृत्यू झाला. बावन्नावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर होता.