रक्तगट शोधणारे लँडस्टायनर
ड्रायव्हिंग लायसन्सवर 'बी पॉझिटिव्ह', 'ओ निगेटिव्ह' असं छापलेलं असतं ना, त्याचं मूळ कार्ल लँडस्टायनर यांच्या कामात आहे. जन्म १८६८, व्हिएन्ना. वडील लहानपणीच गेले, आईने वाढवलं. शिक्षण डॉक्टरकीचं, पण ओढा रसायनशास्त्राकडे.

त्या काळी एकाचं रक्त दुसऱ्याला देणं म्हणजे निव्वळ जुगार. कुणी वाचायचा, कुणी तडफडून मरायचा. परक्या रक्तात पेशींचे गोळे होतात ते आजारामुळे, असं अनेकांना वाटायचं. लँडस्टायनर यांनी निरोगी माणसंच घेतली: स्वतः आणि ५ सहकारी. प्रत्येकाचं सीरम (म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी) प्रत्येकाच्या लाल पेशींत मिसळलं. काही जोड्यांत गोळे झाले, काहींत नाही. स्वतःच्या सीरमने स्वतःच्या पेशी मात्र कधीच गोळा होईनात. एवढ्या साध्या तक्त्यावरून १९०१ मध्ये ए, बी, सी हे तीन गट निघाले. सी म्हणजे आजचा ओ. एबी पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

आता खरी गंमत. ए गटाच्या माणसाने कधीच कुणाचं रक्त घेतलेलं नसलं, तरी त्याच्या रक्तात बी-विरोधी अँटिबॉडी असतात. कशा? लाल पेशीवर कोणती साखर बसणार हे आईवडिलांकडून आलेलं जनुक ठरवतं. तशाच साखरा आतड्यातल्या जिवाणूंवरही असतात. त्यांच्याविरुद्ध बाळाचं शरीर पहिल्या काही महिन्यांत अँटिबॉडी बनवू लागतं, फक्त स्वतःकडची साखर वगळून. थोडक्यात, कुणाला परकं म्हणायचं नाही याची यादी वारशाने येते. रक्तगट वारशाने येतात हे १९१० च्या सुमारास इतरांनी दाखवलं. साखरांचा उलगडा तर फार नंतरचा.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात काम करणं अवघड झालं. आधी हेग, मग न्यूयॉर्कची रॉकफेलर इन्स्टिट्यूट. १९३० चं नोबेल रक्तगटांसाठी मिळालं. (पोलिओ विषाणूमुळे होतो हेही १९०८ मध्ये त्यांनीच एका सहकाऱ्यासोबत दाखवलं होतं; दुसऱ्या कुणाला तेवढ्यावर आयुष्यभर पुरलं असतं!) १९४० मध्ये वीनर यांच्याबरोबर आरएच घटक, म्हणजे लायसन्सवरचं ते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह.

जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेतच हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी ते गेले.

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना एक वेगळाच रक्तगट सापडला. ए-बीच्या साखरा ज्या 'एच' पायावर बसतात, तो पायाच या लोकांच्या पेशींवर नव्हता. साहजिकच त्यांच्या शरीरात एच-विरोधी अँटिबॉडी असतात, आणि एरवी सगळ्यांना चालणारं ओ रक्तही त्यांना चालत नाही. त्यांना लागतं ते बॉम्बे गटाचंच.