मुरुडचे महर्षी : धोंडो केशव कर्वे

दहावी-बारावीचे निकाल लागले की रविवारच्या मिस्सानंतर पालक आम्हांला चर्चच्या अंगणात गाठतात. मुलीला मुंबईच्या नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळत आहे; परंतु तिचा कल, तिची प्रकृती आणि घरची ऐपत पाहता रत्नागिरीतच शिकणे तिला अधिक मानवेल. अशा वेळी काय करावे? एका वाक्यात उत्तर देणे आम्हांला कधीच जमलेले नाही. मात्र आपल्याच जिल्ह्यातील एका थोर पुरुषाने याच प्रश्नासाठी उतारवयातील कितीतरी वर्षे वेचली. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावेसे वाटते.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी शेरवली येथे झाला. बालपण दापोली तालुक्यातील मुरुड या समुद्रकाठच्या गावी गेले. घरची स्थिती बेताची होती. सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी ते भर पावसाळ्यात सह्याद्री ओलांडून शंभरावर मैल पायी चालत साताऱ्यास गेले. तेथे समितीने त्यांच्या लहानखुऱ्या चणीकडे पाहून वय भरत नाही असे ठरविले आणि परीक्षेस बसूच दिले नाही. पुढल्या वर्षी कोल्हापुरास जाऊन ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. शिक्षणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला त्याच्याविषयी काही जाणून न घेता परत पाठविणे म्हणजे काय, हे त्यांनी असे कोवळ्या वयातच अनुभवले.

मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयातून 1884 साली ते गणित विषय घेऊन पदवीधर झाले. मुलींच्या शाळांतून गणित शिकवून आणि शिकवण्या करून त्यांनी संसार चालविला. 1891 साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. 1893 साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई विधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या. एका ख्रिस्ती स्त्रीने उघडलेल्या दारातून शिकून आलेली ही सहचारिणी कर्व्यांच्या घरी आली, याचे आम्हांला विशेष वाटते. या विवाहामुळे मुरुडकरांनी मात्र त्यांच्यावर बहिष्कार घातला.

1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि 1900 साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. महाविद्यालयातील तास आटोपले की ते पायी हिंगण्यास जात. तेथे शिकणाऱ्या स्त्रियांच्या सहवासातच विद्यापीठाचा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. मुंबई विद्यापीठ 1857 पासूनचे. त्याच्या पदवीला मान होता, नोकरी होती. परंतु तेथील सारे शिक्षण इंग्रजीतून चाले. लहानपणीच लग्न होऊन अकाली विधवा झालेल्या, वयाच्या विशीत अक्षरओळख करून घेणाऱ्या बाईला तो डोंगर चढायचा म्हणजे आयुष्य पुरले नसते. अशा वेळी टोकियोच्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि 1916 साली पुण्यात भारतातील पहिले महिला विद्यापीठ उभे राहिले. मातृभाषेतून शिक्षण, इंग्रजी एक विषय म्हणून आणि आरोग्य, गृहजीवन यांसारखे विषय अभ्यासक्रमात, अशी त्याची रचना होती. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी अवघ्या चार-पाच!

टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. स्त्रियांना कमी दर्जाचे शिक्षण देऊन त्यांची बोळवण केली जाते आहे, असे अनेक सुशिक्षितांना वाटले. विद्यापीठाला कायद्याची मान्यता 1949 साली मिळाली. तोवर तेहतीस वर्षे तेथील पदवीधर स्त्रियांनी सरकारी मान्यता नसलेली पदवी बाळगली. ही किंमत लहान नव्हती. कर्व्यांचे गुणगान करताना आम्ही बहुधा हे विसरतो. दुसरीकडे, हे दार नसते तर त्यांतील कित्येक जणी उंबऱ्याच्या आतच राहिल्या असत्या, हेही तितकेच खरे. विशेष म्हणजे, या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते कर्व्यांचे आप्त रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. तेही दापोली तालुक्यातलेच, मुर्डीचे. 1899 साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते अव्वल आले होते. जगातील मातब्बर विद्यापीठाचा हा मानकरी चार-पाच मुलींच्या विद्यापीठाचा प्रमुख झाला.

1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास लाभले. आजचे एसएनडीटी ते हेच. सत्तरी ओलांडल्यावर कर्वे निधीसाठी युरोप, अमेरिका आणि आफ्रिका फिरले. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या घरातलीच एक हकिगत उरली. त्यांच्या सूनबाई इरावती यांना पती दिनकर यांनी उच्च शिक्षणासाठी जर्मनीस पाठवायचे ठरविले, तेव्हा कर्व्यांना ते पसंत नव्हते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वाहिलेल्या सासऱ्यांची ही नापसंती आम्हांला चकित करते. पण इरावतीबाई गेल्या. 1930 साली त्या बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतल्या आणि पुढील वर्षापासून काही काळ सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम पाहू लागल्या.